तालुक्याच्या ठिकाणीं विषवैद्य हवा

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील बागाईतदार मंडळींनीं गेल्या दोन पिढ्यांत मुलांच्या शिक्षणाकडे जें लक्ष पुरविलें, त्याचें फळ आतां दिसूं लागलें आहे. ज्या घरीं आजोबांस सहीपुरतें अक्षर येत होतें, त्या घरचा नातू अगर नात आज डॉक्टर झालेली आढळते. ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु पुढें कोणती शाखा घेणार असें या मुलांस विचारिलें असतां उत्तरें ठराविक येतात. कोणी हाडांचा डॉक्टर होणार, कोणी डोळ्यांचा, कोणी हृदयाचा. आणि दवाखाना बहुधा पुण्यास निघणार. या उत्तरांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्या एका शाखेची गरज आमच्या शेतांत, गोठ्यांत व वखारींत नित्य पडते, तिचें नांव मात्र या मुलांच्या तोंडून अद्याप आमच्या कानांवर आलेलें नाहीं.

ती शाखा म्हणजे विषबाधेवरील तातडीच्या उपचारांची. साप, विंचू, फवारणीचें औषध, धान्यांत ठेवावयाची गोळी, कारखान्यांतील वायु, यांपैकीं कशानेंही माणूस अत्यवस्थ झाला असतां पहिल्या घटकेस त्याला हातीं घेऊन, विष कोणतें, किती भिनलें व त्यास उतारा कोणता हें जो ठरवितो, त्या डॉक्टरास आम्ही या लेखांत विषवैद्य म्हणणार आहों. मंत्र घालणारा किंवा मुळी उगाळून पाजणारा असा अर्थ कोणीं घेऊं नये. आयुर्वेदाच्या आठ अंगांत अगदतंत्र म्हणून विषचिकित्सेचें एक स्वतंत्र अंग पूर्वींपासून गणलेलें आहे. आधुनिक वैद्यकांत अमेरिकेनें या विद्येस १९९२ सालीं उपशाखेची मान्यता दिली, आणि आपल्या देशांत तातडीचें वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून २००९ सालीं मान्य झाली. म्हणजे विद्या जुनी आहे, परंतु तिच्यावर आयुष्य काढणाऱ्या डॉक्टराची वाट आपल्याकडे अजून नवीनच आहे.

या विद्येशीं आमच्या भागाचा संबंध काय, हें येथील शेतकऱ्यास फार सांगावयास नको. चासकमानचें पाणी शिरूर तालुक्यांत व खडकवासल्याचें पाणी दौंड तालुक्यांत खेळूं लागलें, घोड व भीमा या नद्यांच्या कांठीं उपसा वाढला, आणि त्याबरोबर ऊंस वाढला. उंसांत पाचट, पाचटांत उंदीर, व उंदरामागें साप, हा क्रम सर्वांस ठाऊक आहे. पाण्याची पाळी व विजेची वेळ पुष्कळदां रात्रीं येते. अंधारांत दारें धरावयास गेलेल्या गड्याचा पाय कशावर पडेल याचा नेम नसतो. कोरडवाहू मुरमाड रानांत दगडी तालींखालीं लाल विंचू असतो. कांद्यावर, डाळिंबावर व भाजीपाल्यावर फवारणी चालूच असते. धान्याच्या कोठारांत कीड मारण्याची गोळी ठेवितात. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. इतकीं विषें ज्या मुलखांत एकत्र नांदतात, तेथें विषावरील डॉक्टर मात्र सुमारें सत्तर किलोमीटरवर पुण्यास शोधावा लागतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सबंध देशाचा हिशेब पाहिला तरी हा विषय लहान ठरत नाहीं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं असावींत, म्हणजे दरसाल सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दिला आहे. हे मृत्यु बहुतेक खेड्यांतले, आणि त्यांतील निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. शेतांत काम करणारा माणूसच यांत सर्वांत अधिक सांपडतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. भारत सरकारनें २०२४ सालीं राष्ट्रीय कृति आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याचें ठरविलें आहे. उद्दिष्ट उत्तम आहे. परंतु आराखडा म्हणजे कागद, आणि कागद कोणाच्या शिरेंत सुई टोचूं शकत नाहीं. तें काम करण्यास माणूस लागतो.

आमची उमेदीचीं वर्षें महसूल खात्यांतील कारकुनींत गेलीं, त्यामुळें या मृत्यूंची कागदाकडील बाजू आम्हांस चांगली परिचयाची आहे. खातेदार वारला कीं वारसनोंदीचा अर्ज येतो, त्यास मृत्यूचा दाखला जोडलेला असतो, आणि त्यापुढें पंचनामा, जबाब, उतारा, फेरफार अशी रांग लागते. अपघातांत दगावलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबासाठीं राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची सानुग्रह अनुदानाची योजना आहे. तींत वहितीधारक खातेदार व त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति यांस संरक्षण असून मृत्यु झाल्यास २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश, विंचूदंश व कीटकनाशकें हाताळतांना झालेली विषबाधा हीं कारणें तींत धरलेलीं आहेत. ही योजना चांगली आहे व प्रत्येक पात्र कुटुंबानें तिचा लाभ घ्यावा. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, ज्या गोष्टीमुळें घरांतला कर्ता जातो तिची किंमत सरकारनें मान्य केली, त्या अर्थीं तो कर्ता जाऊं नये म्हणून लागणाऱ्या माणसाचीही किंमत मान्य झाली पाहिजे. मृत्यूनंतरचें टेबल तालुक्यास आहे. मृत्यूपूर्वींचें टेबलही तालुक्यासच हवें.

असा डॉक्टर खेड्यांत राहून काय करूं शकतो, याचें उदाहरण परदेशांत शोधावयास नको. जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत देहेड नांवाचें खेडें आहे. तेथील गरीब शेतकरी कुटुंबांत १९५१ सालीं डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म झाला. मिळेल तें काम करून त्यांनीं शिक्षण घेतलें, नागपुरास एम. बी. बी. एस. केलें, आणि १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते सरकारी नोकरीवर रुजू झाले. तो जिल्हा तेव्हां कुलाबा होता. आज त्यास रायगड म्हणतात. लाल विंचू चावलेलीं माणसें, विशेषतः मुलें, तेथें एकामागून एक येत व त्यांतील पुष्कळ डोळ्यांदेखत मरत. विंचवाचा दंश म्हणजे वेदना, आणि वेदना शमविली कीं काम झालें, असा तेव्हां सर्वसाधारण समज होता. परंतु माणूस वेदनेनें मरत नाहीं. मग हीं मुलें कशानें मरतात, हा प्रश्न या तरुण डॉक्टरानें सोडला नाहीं.

उत्तर मिळविण्याची त्यांची रीत साधी होती. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिले व तासातासास काय होतें तें लिहीत गेले. घाम केव्हां सुटला, ओकारी किती झाली, हातपाय गार कधीं पडले, रक्ताचा दाब किती चढला, नाडी कशी चालली, छातींत घरघर व तोंडावाटे लालसर फेस केव्हां आला, अशी नोंद त्यांनीं ठेविली. तीवरून असें दिसलें कीं, या विषामुळें शरीरांतील उत्तेजक द्रव्यांचा एकदम पूर येतो, रक्तवाहिन्या आंवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो, आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण गुदमरतो. धोक्याचीं हीं पूर्वचिन्हें सांगणारा त्यांचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत १९८२ सालीं आला. पुढें पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाची एम. डी. ही पदवी जवळ असतांही ते शहरांत राहिले नाहींत. ते कोकणांतच परतले. रक्ताचा दाब उतरविण्यासाठीं प्राझोसिन नांवाची एक स्वस्त गोळी बाजारांत होती. आंवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणें हेंच तिचें काम. ती विंचूदंशांत दिली असतां गुण येतो, हें डॉ. बावस्कर व त्यांच्या सहधर्मचारिणी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत मांडलें. पूर्वीं ज्या गंभीर रुग्णांत शंभरांमागें तीस-चाळीस दगावत, त्यांत हें प्रमाण एकाच्या आसपास आलें. विंचवाच्या विषावरील लस प्राझोसिनबरोबर दिल्यास रुग्ण अधिक लवकर सुधारतो, हेंही त्यांनीं पुढें महाडलाच रीतसर पडताळून २०११ सालीं प्रसिद्ध केलें. भारत सरकारनें २०२२ सालीं डॉ. बावस्करांस पद्मश्री दिली.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. हा मजकूर वाचून कोणीं ही गोळी आणून आपल्या मनानें देऊं नये. तिनें दाब एकदम उतरूं शकतो. रुग्णास निजवून, दाब मोजीत, डॉक्टरानेंच ती द्यावयाची असते.

या चरित्रांतून आम्हांस तीन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. एक, हें संशोधन मोठ्या शहरांतील मोठ्या इमारतींत झालें नाहीं. जेथें विंचू होता व जेथें माणसें मरत होतीं तेथेंच झालें. दुसरी, उतारा कांहीं नवीन निर्माण करावा लागला नाहीं. तो औषधांच्या दुकानांतच होता, परंतु तो याच दुखण्यावर चालेल हें ओळखणारी नजर हवी होती. तिसरी, या सर्वांचा पाया नोंद हा होता. ज्यानें आयुष्यभर दप्तर सांभाळलें त्याला या तिसऱ्या गोष्टीचें मोल अधिक वाटावें, हें साहजिक आहे.

आपल्याच जिल्ह्यांत जुन्नर तालुक्यांत नारायणगांव येथें डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत हें दांपत्य अनेक वर्षें सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करीत आलें आहे, व सर्पदंशानें कोणी मरूं नये म्हणून गांवोगांव समजावीत आलें आहे. नारायणगांव म्हणजे मुंबई-पुणें नव्हे. तें आमच्यासारखेंच शेतीचें गांव आहे. तेथें जें होतें तें घोडनदीस किंवा दौंडास कां होऊं नये, असा प्रश्न आमच्या सभासदांनीं स्वतःस विचारावा.

कित्येकांस वाटतें कीं, असा डॉक्टर ठेवावयाचा म्हणजे लाखों रुपयांचीं यंत्रें लागणार. वस्तुस्थिति तशी नाहीं. घोणस चावली असतां रक्त गोठण्याची शक्ति जाते. ती गेली कीं काय हें पाहण्यास एक नवी, स्वच्छ, कोरडी कांचेची नळी पुरते. रुग्णाचें थोडें रक्त तींत घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवावयाचें व मग नळी कलती करावयाची. रक्त पाण्यासारखें वाहिलें तर विष भिनलें आहे असें समजून लस चालू करितात. परंतु हीच नळी साबणानें धुतलेली असली अगर प्लास्टिकची असली तर उत्तर चुकतें. म्हणजे वस्तु अल्प मोलाची, परंतु शिस्त मात्र पक्की हवी.

मण्यारीचें उदाहरण याहून बोलकें आहे. तिचा दंश बहुधा रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास होतो. दांत इतके बारीक कीं पुष्कळदां खूण दिसत नाहीं, सूज येत नाहीं, आग होत नाहीं. पहांटे पोट दुखूं लागतें, मग पापण्या जड होतात, घोट गिळवत नाहीं, आणि शेवटीं श्वास थांबतो. पोटदुखीवर पाचक देऊन घरीं पाठविणारा डॉक्टर आणि पापणीकडे पाहून मण्यार ओळखणारा डॉक्टर, या दोघांत एका जिवाचें अंतर असतें. लस देऊन कृत्रिम श्वास चालू ठेविला, मग तो प्रथम हातानें दाबावयाच्या पिशवीनें कां असेना, तर मेल्यासारखा पडलेला माणूस कांहीं दिवसांनीं उठून घरीं जातो.

फवारणीच्या औषधांतील ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या विषानें डोळ्याची बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी होते, लाळ व घाम वाहतो, छातींत पाणी होतें. त्यावर ॲट्रोपिन हें जुनें व स्वस्त औषध आहे. परंतु तें एकदां टोचून भागत नाहीं. छाती कोरडी होईपर्यंत, दर थोड्या मिनिटांनीं पाहून मात्रा वाढवीत, डॉक्टरानें उशाशीं बसावें लागतें. शिवाय एक कपट या विषांत आहे. पहिल्या दिवसाचें संकट टळून रुग्ण बोलूं लागला, चहा मागूं लागला, म्हणजे नातलग त्याला घरीं नेण्याची घाई करितात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान मानेचे व श्वासाचे स्नायु ढिले पडून तो अचानक जातो. श्रीलंकेंतील डॉक्टरांनीं १९८७ सालीं ही अवस्था स्पष्ट वर्णन करून दाखविली. हें जाणणारा डॉक्टर चार दिवस रुग्णास सोडीत नाहीं. आमच्या वाचकांनीं ही एक गोष्ट तरी ध्यानांत ठेवावी: मान उचलतां येते कीं नाहीं हें डॉक्टरानें पाहिल्यावांचून अशा रुग्णास घरीं आणूं नये.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, पुणें जवळ आहे, रस्ते चांगले झाले आहेत, आणि २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. मग तालुक्यास वेगळा डॉक्टर कशाला? याचें उत्तर असें कीं, गाडी अंतर तोडते, विष थांबवीत नाहीं. वस्तीवरून सडकेपर्यंत, सडकेवरून तालुक्यापर्यंत व तेथून वाहनांच्या गर्दींतून पुण्यापर्यंत जो वेळ जातो, त्या वेळांतच मण्यारीचा रुग्ण श्वास सोडतो. पुण्यास पाठवावयास आमची हरकत नाहीं. परंतु लस चालू करून, श्वासाची व्यवस्था करून, सोबत माहितगार माणूस देऊन पाठविणें वेगळें, आणि नुसती चिठ्ठी देऊन पाठविणें वेगळें. पहिल्यास उपचार म्हणतात. दुसऱ्यास फक्त जबाबदारी ढकलणें म्हणतात.

दुसरा आक्षेप तरुण डॉक्टरांचा आहे व तो प्रामाणिक आहे. या शाखेंत रात्रीची झोंप नाहीं, रुग्ण गरीब, पैसा थोडा, आणि रुग्ण दगावला तर गर्दी अंगावर येते. मग हा धंदा कोणीं पत्करावा? आम्ही म्हणतों कीं, हा आक्षेप डॉक्टरांनीं दूर करावयाचा नसून आपण करावयाचा आहे. ज्या गांवांत डॉक्टराच्या काचा फुटतात त्या गांवांत विषवैद्य टिकणार नाहीं. उपचारास येण्यापूर्वीं चार तास मांत्रिकाकडे घालवून, मग मृत्यूचा दोष डॉक्टरावर ठेवणें हा न्याय नव्हे. विषारी सापानेंही कित्येक वेळां विष न सोडतां नुसता चावा घेतलेला असतो. असे रुग्ण कांहीं न करितांही वांचतात, आणि त्यांच्या वांचण्यावर मांत्रिकाची कीर्ति उभी राहते. हें गणित एकदां सर्वांस समजलें पाहिजे.

तिसरा आक्षेप ज्ञानाचा. एका डॉक्टरास सर्व विषें कशीं ठाऊक असणार? तीं ठाऊक असण्याची गरजही नाहीं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत १९९५ सालापासून राष्ट्रीय विष-माहिती केंद्र आहे, व तेथून रात्रंदिवस दूरध्वनीवर सल्ला मिळतो. परंतु विचारणाऱ्यास प्रश्न नीट विचारतां आला पाहिजे आणि मिळालेला सल्ला अमलांत आणतां आला पाहिजे. त्यासाठीं तालुक्यांत शिकलेला माणूस हवाच.

या डॉक्टराचें काम खाटेपाशींच संपत नाहीं, हें सांगितल्यावांचून विषय पुरा होणार नाहीं. कोणत्या औषधानें किती माणसें येतात व त्यांतील किती दगावतात, याची नोंद साचली म्हणजे ती कायद्यास वाट दाखविते. श्रीलंकेनें १९९५ सालापासून पुढें अति जहाल कीटकनाशकांवर क्रमानें बंदी घातली. पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, आणि पिकाच्या उत्पन्नांत त्यामुळें घट आल्याचें आढळलें नाहीं. क्षणिक रागांत किंवा निराशेंत हाताशीं असलेली बाटली तोंडास लावणारा माणूस पुष्कळदां मरूं इच्छीत नसतो. बाटलींत काय आहे यावर त्याचें जगणें अवलंबून असतें. आपल्या राज्यांत २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले व शेंकडों आजारी पडले. रुग्णालयांत येणाऱ्या पहिल्या दहा-वीस रुग्णांवरूनच धोक्याची घंटा वाजविणारा माणूस प्रत्येक तालुक्यांत असेल, तर असा प्रसंग वाढण्यापूर्वींच आंवरतां येईल.

आणि कांहीं विषांस उताराच नाहीं. धान्यांत ठेवावयाची ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी ओलावा लागतांच विषारी वायु सोडते. पॅराक्वाट हें तणनाशक फुप्फुसें जाळून टाकतें. या दोहोंवर कोणत्याही शहरांत खात्रीचा उतारा मिळत नाहीं. तेथें विषवैद्याचें खरें औषध म्हणजे त्याचा आगाऊ सल्ला: गोळ्या निजावयाच्या खोलींत ठेवूं नयेत, तणनाशक पाण्याच्या बाटलींत ओतून ठेवूं नये, सर्व डबे कुलपांत असावेत.

आतां आपण काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. पहिलें असें कीं, दरवर्षीं मे महिन्यांत, पावसाळ्यापूर्वीं, आपल्या संस्थेच्या दोन-तीन सभासदांनीं तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत जाऊन नम्रपणें विचारावें कीं, सर्पविषावरील लस, ॲट्रोपिन, निओस्टिग्मिन, प्राझोसिन, कांचेच्या नळ्या व श्वासाची पिशवी यांचा साठा आहे काय, आणि रात्रीं तीं वापरणारा डॉक्टर हजर असतो काय. विचारपूस होते असें दिसलें म्हणजे साठा भरलेला राहतो, असा आमचा दप्तरांतील अनुभव आहे.

दुसरें, तालुक्यांतील एका डॉक्टरास या विद्येचें शिक्षण मिळावें व त्यानें कांहीं वर्षें येथेंच काम करावें, यासाठीं सरकारकडे ठराव धाडावा; आणि सरकार वेतन देत असेल तर राहण्यास घर व संरक्षणाची हमी आपण द्यावी. ज्या सभासदाचा मुलगा अगर मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत असेल, त्यानें ही शाखा पत्करल्यास संस्थेच्या निधींतून शिष्यवृत्ति द्यावी. मंदिराच्या कळसास व जत्रेच्या कुस्त्यांस आपण वर्गणी देतों. ही वर्गणी त्याहून कमी पुण्याची नाहीं.

तिसरें कर्तव्य घरचें आहे. रात्रीं दारें धरणाऱ्या गड्यास बूट व विजेरी मालकानें द्यावी. फवारणी करणाऱ्या मजुरास हातमोजे, तोंडावर पट्टी व अंगभर कपडे द्यावेत, आणि वाऱ्याच्या उलट दिशेनें फवारावयास त्याला लावूं नये. डब्यावरील त्रिकोण पाहण्याची संवय ठेवावी. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिंवळा, मग निळा, व हिरवा सर्वांत सौम्य. आणि बाधा झाल्यास तो डबा अगर त्यावरील कागद रुग्णाबरोबर न विसरतां पाठवावा. ऊंसतोडीच्या टोळ्या आपल्या रानांत कोप्या घालून राहतात. त्यांचीं मुलें जमिनीवर निजतात. निदान लहान मुलांपुरत्या बाजा व मच्छरदाण्या दिल्या तर मण्यारीचा धोका पुष्कळ टळतो. त्या मुलांचीं नांवें आपल्या सातबाऱ्यावर नाहींत. परंतु तीं आपल्या बांधाच्या आंत आहेत, म्हणून त्यांची जबाबदारी आपली आहे.

चौथें, दंश झालाच तर बांधूं नये, कापूं नये, चोखूं नये. अंगठी, कडें, बांगड्या काढाव्या, हात अगर पाय फळीस लावून स्थिर ठेवावा, रुग्णास चालवूं नये, सापाच्या शोधांत वेळ घालवूं नये, व थेट रुग्णालय गांठावें. दंश किती वाजतां झाला तें कागदावर लिहून द्यावें. पाहणाऱ्या डॉक्टरास त्या एका आंकड्याचा पुढील सर्व उपचारांत उपयोग होतो.

आमच्या घरांतून आज जीं मुलें डॉक्टर होत आहेत, त्यांच्या शिक्षणाचा पैसा उंसाच्या, कांद्याच्या व दुधाच्या बिलांतून आला आहे, आणि तीं बिलें रात्रीं पाण्यांत उभें राहणाऱ्या माणसांच्या श्रमांवर निघालीं आहेत. सर्वच मुलांनीं ही शाखा घ्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. दोन तालुक्यांतून दोन जणांनीं घेतली तरी पुरे आहे. येत्या वार्षिक सभेपुढें हा विषय यावा, आणि ज्या पालकांचीं मुलें यंदा शाखा निवडणार आहेत त्यांनीं घरीं एकदां तरी तो बोलून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.